शिरगावच्या अंगणातली वीज

पालघरजवळच्या शिरगावला लोक किल्ला बघायला जातात, समुद्रात पाय भिजवायला जातात आणि येताना सुके बोंबील घेऊन येतात. मी गेले ती चार कोरी मडकी, पाव किलो मोरचूद, पन्नास मीटर पिवळी वायर आणि एक जुना मीटर घेऊन. संगमनेरच्या स्टँडवर कंडक्टरनं माझी पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "बाई, हे काय?" मी म्हटलं, "मडकी." संगमनेरहून कुणी पालघरला मडकी नेतं का, म्हणून तो हसला. खरं कारण सांगितलं असतं तर त्यानं मला तिथंच उतरवलं असतं.

खरं कारण होतं माझे दाजी. माझी थोरली बहीण, सुमनताई, बोईसरला राहते. दाजी तिथल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तीन पाळ्यांत राबले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पाळ्या संपल्या, पण झोप काही परत आली नाही. त्यातच रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मग दाजींच्या मोबाइलवर कुणी एक माणूस उगवला. त्याचं म्हणणं असं, की पृथ्वीच्या पोटात नैसर्गिक वीज खेळते, आपण चपला घालतो म्हणून ती आपल्याला मिळत नाही, आणि सगळे आजार त्यामुळंच होतात. दाजींनी चपला काढल्या, शिरगावला एका ओळखीच्या कोळणीच्या अंगणात जमिनीवर आडवे झाले आणि दोन तास गाढ झोपले. त्याच आठवड्यात त्यांनी गोळी बंद केली. पी हळद आणि हो गोरी!

ताईचा फोन आला तेव्हा गोळी बंद होऊन तीन आठवडे झाले होते. दाजींच्या थोरल्या भावांनीही अशाच गोळ्या सोडल्या होत्या. ते आता चार वर्षं अर्धांगानं एका कुशीवर पडून आहेत. "कुंदे, ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत," ताई रडत म्हणाली. "पण मशीनचं ऐकतो म्हणालेत. तू ये आणि शिरगावची जमीन मोज. वीज निघाली तर गोळी बंद. नाही निघाली तर गोळी सुरू. पैज लागलीय."

मी कपाळावर हात मारला. मी कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते. भूशास्त्राच्या सरांबरोबर विहिरींच्या जागा बघत आमच्याकडची निम्मी शिवारं पायाखाली घातली आहेत. मोरचुदाच्या पाण्यानं भरलेली दोन मडकी जमिनीत पुरायची, त्यांत तांब्याच्या सळ्या घालायच्या आणि दोन्हींमधला विजेचा दाब मोजायचा, हे काम मला डोळे मिटून येतं. आणि म्हणूनच मला ठाऊक होतं, की जमीन कुठलीही असो, मीटर काहीतरी दाखवतोच. पृथ्वीवर कुठं ना कुठं सतत विजा चमकत असतात आणि त्यांचा मंद थरार सेकंदाला सात-आठ वेळा पृथ्वीभोवती घुमत राहतो. सूर्यामुळं, भरती-ओहोटीमुळं, जमिनीतल्या पाण्यामुळंही मातीतून बारीक बारीक प्रवाह सरकत असतात. मोबाइलवरच्या माणसाचं एवढं म्हणणं खरं होतं. त्या विजेनं रक्तदाब उतरतो हे मात्र मला आजवर कुठल्या मीटरवर दिसलेलं नाही. थोडक्यात, माझ्या बहिणीनं हमखास हरायची पैज लावली होती आणि ती जिंकायला मला बोलावलं होतं.

बोईसर

प्रवासवर्णन म्हणजे जव्हारच्या घाटाचं वर्णन यायला हवं, पण घाटात मी मडकी मांडीवर घेऊन डोळे मिटून बसले होते. पुढं मनोरच्या आसपास पाण्याची बाटली गळली, मोरचुदाची पुडी भिजली आणि माझ्या फिकट साडीवर तळहाताएवढा निळा डाग पडला. त्या डागासकट मी बोईसरला पोचले.

दुपारचे तीन वाजले होते. आमच्या संगमनेरात या वेळी दुकानदारसुद्धा गल्ल्यावर पेंगत असतात. इथं पहिली पाळी नुकतीच सुटली होती आणि गाव नुकतंच उजाडल्यासारखं जागं होतं. कंपन्यांच्या बसमधून माणसं उतरत होती, हातात डबे, तोंडी हिंदी. दोन पावलांवर भजी तळली जात होती. माझ्या रिक्षात जौनपूरचा एक फिटर होता, त्यानं मडकी सांभाळून धरली आणि उतरताना "दीदी, अचार है क्या?" असं आशेनं विचारलं.

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उभं राहून वर बघितलं तर खिडकीतून एक तांब्याची तार भिंतीवरून खाली आलेली आणि पाण्याच्या पंपाशेजारी जमिनीत ठोकलेल्या सळईला गुंडाळलेली. वर गेले. तारेचं दुसरं टोक दाजींच्या पायाच्या अंगठ्याला होतं. ते पलंगावर बसून पेपर वाचत होते.

"या मेहुणीबाई! आलात का आम्हाला खोटं पाडायला?"

"आधी ती तार सोडा, मग पाया पडते," मी म्हणाले. "येते का हिनं झोप?"

"इथं नाही येत. बोईसरची जमीन आजारी आहे. तू शिरगावला बघ. तिथली वीज वेगळी आहे, कुंदा. डोकं टेकलं की संपलं."

बोलताना त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पहिल्यांदाच वाईट वाटलं. डोळ्यांखाली काळं, गाल आत गेलेले. एकतीस वर्षं या माणसानं कधी दिवसा झोपून रात्री काम केलं, कधी रात्री झोपून पहाटे. त्याला कुठंतरी झोप सापडली होती आणि ती काढून घ्यायला मी निघाले होते.

संध्याकाळी ताई भाजी निवडत माझ्याजवळ सरकली. "कुंदे, एक वायर हळूच काढून ठेव ना. शून्य दिसेल. त्यांना काय कळणार?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. प्रयोगशाळेतल्या तीस वर्षांत मी एकच काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं, ते म्हणजे घरी बसून आकडे लिहून आणणाऱ्या पोरांना पकडण्याचं. अशी वही मी सरांपुढं जाऊच दिली नाही. "ताई, ते मला जमणार नाही," मी म्हणाले. ती गवारीच्या शेंगा फार जोरात मोडू लागली.

सकाळी मी बिल्डिंगच्या मागं दोन मडकी पुरली. वॉचमन धावत आला. "मॅडम, पानी निकलेगा क्या?" जमिनीत काही पुरणारी बाई म्हणजे पाणी शोधणारीच, हे आमच्याकडं आणि इथं सारखंच. मी म्हटलं, बिजली देख रही हूँ. तो मान हलवून म्हणाला, "बिजली तो उधर से आती है," आणि त्यानं तारापूरच्या दिशेला बोट दाखवलं. बरोबरच होतं त्याचं. तिकडं अख्ख्या गावांना पुरेल एवढी वीज बनते, आणि इकडं मी व्होल्टच्या हजाराव्या भागासाठी उकिडवी बसले होते. मीटरवरचे आकडे नुसते नाचत होते. पंप सुरू झाला की चाळीस, बंद झाला की बारा, लांबून गाडी गेली की पुन्हा भलतेच. मी सगळे वहीत लिहिले. दाजींनी वहीत डोकावून निर्णय दिला, "बघ, म्हटलं नव्हतं? आजारी वीज."

शिरगाव

पालघर स्टेशनबाहेरून शिरगावची टमटम मिळते. दहा माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही आणि दहावं माणूस आलं की बाराव्याची वाट बघते. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून पालघरात कचेऱ्या वाढल्या, इमारती वाढल्या, पण बाजारातल्या कोनफळांच्या ढिगांत काही फरक नाही, असं दाजी अभिमानानं सांगत होते. हा माणूस मूळचा अकोल्याच्या डोंगराकडचा, अहिल्यानगरातलं अकोले ते. आता पालघरचा मक्ता घेतल्यासारखा बोलत होता.

शिरगाव मला पाहताक्षणी आवडलं. वाळू, सुरूची झाडं, आणि गावाला लागूनच तो काळा किल्ला. किल्ल्याशी एक ताडासारखं झाड आहे, त्याला चक्क फांद्या फुटल्या आहेत. ताडाला फांद्या फुटत नाहीत असं मी आयुष्यभर समजत होते. तटावर चढून वाऱ्यात उभी राहिले, पदर सांभाळता सांभाळता चष्मा खाली पडला आणि दाजींनी तो अनवाणी उतरून काढून आणला.

जानकीबायचं घर तिथून चालत पाच मिनिटांवर. जानकीबाय साठीची, उंच, कमरेला घट्ट लुगडं, केसांत अबोली. तिचा मुलगा दाजींच्या हाताखाली कारखान्यात होता, तेव्हापासूनची ओळख. घरापुढं मोठं अंगण आणि अंगणात वलांड्या, म्हणजे उभ्या बांबूंना बांधलेल्या आडव्या दोऱ्या. त्यांवर हजारो बोंबील लटकत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची, अशी रीत आहे. वाऱ्यानं ते सगळे एकदम हलत होते. वासाबद्दल लिहीत नाही. तासाभरानं तो येईनासा होतो, एवढं खरं.

"हीच काय तुमची मशीनवाली बहीन?" जानकीबायनं दाजींना विचारलं.

"मेहुणी," दाजी म्हणाले आणि चपला काढून सरळ बोंबलांच्या पाटीपाशी जाऊन बसले. मी बघत राहिले. ताईच्या घरी पाण्याचा पेला स्वतः न उचलणारा हा माणूस बायकांच्या घोळक्यात बसून बोंबलांचे जबडे जुळवत होता, तेही झरझर. एक जोडी सुटून पडली तर शेजारची म्हातारी ओरडली, "ओ कंपनीवाले, नीट!" आणि दाजी खळखळून हसले. दोन तास त्यांचं काम चाललं. फोन खिशात होता, एकदाही बाहेर निघाला नाही.

"या अंगणातले बोंबील वर्षभर टिकतात," दाजी मला ऐकवत होते. "जमिनीतल्या विजेमुळं."

"ऊन आन वाऱ्यामुलं टिकतात," जानकीबाय म्हणाली. "वीजबीज काय नाय. आज आभाल आलं तर सगलं कुजनार हाय."

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, कालवण आणि ताजे बोंबील तळलेले. मी मटण खाते, पण मासळी म्हणजे आमच्याकडं फार तर नदीतला मरळ, काटे काढता काढता जेवण थंड होतं. इथं बोंबलाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि तो तिथंच विरघळला. मी पाच खाल्ले. जानकीबायनं सहावा वाढताना माझी बोटं बघितली. मोरचुदानं ती निळी झाली होती. "बाय, तुजी बोटं अशी कशी? रंगारीन हायस काय?"

जेवून दाजी अंगणाच्या कडेला माडाच्या सावलीत चटईवर आडवे झाले. मी घड्याळ बघितलं. सहा मिनिटांत घोरू लागले. मी मग एक मडकं त्यांच्या उशाशी पुरलं आणि दुसरं वीस मीटरवर, घरामागच्या सुरूखाली. मडकी मातीत मुरायला एक रात्र लागते. निघताना मी जानकीबायला बजावलं, "हे दोन खड्डे सकाळपर्यंत ओले ठेवा हं. सुकू देऊ नका."

"ठेवते. त्यात काय."

त्र्याऐंशी

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजत होते. मी वायरी जोडल्या. दाजी पाठीमागून मानेवर श्वास टाकत उभे. मीटरवर त्र्याऐंशी मिलिव्होल्ट. आकडा स्थिर. नाचणं नाही, काही नाही.

"बोईसरला किती होते? बारा? चाळीस? आणि ते नाचत होते," दाजी म्हणाले. "हे बघ. त्र्याऐंशी! ठाम! निरोगी वीज!" त्यांनी तिथूनच ताईला फोन लावला. "सुमन, हरलीस. कपाटातल्या गोळ्या खाली वॉचमनला देऊन टाक, त्याच्या बापाला चालतील."

पलीकडून ताईनं फोन ठेवून दिला. त्र्याऐंशी फार होते. अशा रेताड सपाट जागी वीस मीटरला एवढं येऊ नये. पण आकडा डोळ्यांसमोर होता, आणि आकडा नाकारायला मी शिकलेले नाही. मी वहीत लिहिला.

लिहिता लिहिता माझं लक्ष मांजरांकडं गेलं. उशाजवळच्या खड्ड्याभोवती तीन मांजरं बसली होती. एक तर माती चाटत होतं. काल इथं एकही नव्हतं. सुरूखालच्या खड्ड्याकडं मात्र कुणीच फिरकलं नव्हतं. मी मांजरांना हाकललं आणि खड्ड्याच्या काठावरची चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट. नुसती खारट नाही, मासळीच्या खारवणाची.

"जानकीबाय, हा खड्डा कशानं ओला ठेवलात?"

"टोपातल्या पान्यानं. मासली धुतलेल्या, मिठाच्या. दोनदा वोतलं, रातच्याला आन सकालच्याला."

"आणि मागचा?"

"तिकडं आमची सून भांडी घासते. तो तसाच ओला असतो."

"गोडं पाणी घालायचं होतं हो!"

जानकीबायनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला दूध ओतायला सांगितलं होतं. "गोडं पानी? जमिनीत? आमच्याकडं नलाला एक दिवसाआड पानी येतं, बाय. गोडं पानी जमिनीत कोन वोततं? तू बोललीस ओलं ठेव. गोडं बोलली नाय."

खरंच बोलले नव्हते. आमच्याकडं पाणी म्हणजे पाणीच. ते कमी असतं, कधी कधी नसतंही, पण असतं तेव्हा एकाच जातीचं असतं. इथं पाणी म्हटलं की कुठलं, हे आधी सांगावं लागतं. तीस वर्षं पोरांच्या चुका काढणाऱ्या कुंदाबाईंनी स्वतः एक शब्द गाळला होता. एका मडक्याभोवती मिठाचं पाणी, दुसऱ्याभोवती गोडं. ते त्र्याऐंशी त्या दोन पाण्यांचे होते. पृथ्वीचा त्यांत फारसा हात नव्हता.

त्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. दाजी पाटीपाशी बसून म्हाताऱ्यांना आपला विजय सांगत होते. मला आनंदच व्हायला हवा होता, कारण ताईच्या नवऱ्याला परत गोळीवर आणायची संधी हीच होती. तरीही मला ते सांगवेना. त्यांच्या तोंडावरचं हसू बघत मी दोन मिनिटं मांजरांसारखीच खड्ड्याकाठी बसून राहिले. मग उठले आणि सांगितलं.

दाजींचा चेहरा पडला. लगेच सावरून ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! तुला मडकी लावता आली नाहीत आणि दोष पाण्याला."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "चूक माझी. परत लावते."

नवीन जागी दोन खड्डे घेतले. जानकीबायनं कुरकुरत घरातल्या हंड्यातून दोन तांबे गोडं पाणी दिलं आणि ते जमिनीत जिरताना बघवेना म्हणून तोंड फिरवलं. खरं तर रात्रभर थांबायला हवं होतं, पण तीन तासांत आकडा बसला. सहा. कधी सात.

दाजी मीटरवर वाकले. मग हळूच म्हणाले, "सहा म्हणजे शून्य नाही ना, कुंदा?"

"नाही."

"म्हणजे वीज आहे."

"आहे. असतेच. संगमनेरच्या माझ्या परसातसुद्धा असते. तिनं झोप येते की नाही ते हा मीटर सांगत नाही. पण पैज वीज आहे की नाही एवढीच होती. पैज तुम्ही जिंकलात, दाजी."

बोलून झाल्यावर मला रडूच आलं. ताईला तोंड कसं दाखवू, हेच डोक्यात होतं. मी निळ्या बोटांनी डोळे पुसले, त्यामुळं ते चुरचुरले आणि आणखी पाणी आलं.

"पैज कसली?" जानकीबायनं हातातला बोंबील खाली ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. गोळ्या, मोबाइलवरचा माणूस, कुशीवर पडलेले थोरले भाऊ. दाजी दोनदा मध्ये बोलायला गेले, तिनं हातानंच गप्प केलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाळ्यांनी मोडलेला माणूस, येतो, हात लावतो, जेवतो, झोपतो, एवढंच ती समजत होती.

"तुमी माज्या अंगनात झोपून गोल्या सोडल्या?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "माज्या घरवाल्यानंपन सोडल्या व्हत्या. बोलला, मना काय व्हत नाय, मी दर्याचा मानूस. ह्याच माडाखाली बसलेला, तिथंच कलंडला. आन तुमी तीच जागा धरली व्हय झोपायला?"

दाजी म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं, जानकीबाय."

"आता झालं ना ठावं? मशीन सहा बोलो का साठ बोलो. गोली घेतल्याबिगर माज्या अंगनात चटई नाय. आज डाक्टरकडं जायाचं, उद्या गोलीचं पाकीट मना दाखवायचं. मंग झोपा हवं तेवडं. बोंबील वालवायला मानूस लागतोच मना."

एकतीस वर्षं साहेबांशी हुज्जत घातलेल्या दाजींनी चटईकडं बघितलं, माडाकडं बघितलं, आणि चपला शोधू लागले. त्या मांजरानं पळवल्या होत्या, म्हणजे एक पळवली होती. ती बोंबलांच्या ढिगामागं सापडली.

पालघरचा दवाखाना

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दाब मोजला, मग दुसऱ्या हाताला मोजला, आणि आकडा आम्हाला न सांगता दाजींकडं नुसतं बघितलं. मशीनचं ऐकणारा माणूस त्या मशीनचा आकडा विचारायला धजला नाही. डॉक्टर रागावले, पण आवाज न चढवता. गोळी थोडी बदलून त्याच दिवसापासून सुरू केली आणि आठवड्यानं परत बोलावलं. मी भीत भीत विचारलं, शिरगावची झोप चालेल का? ते म्हणाले, "गोळीबरोबर खुशाल चालेल. मलाही न्या कधी."

बाहेर पडल्यावर ताईसाठी कोनफळं घेतली. तिनं त्यांची उकडहंडी, म्हणजे कंदांची इकडची मिसळभाजी, केली, शेजारणीकडून शिकलेली. दाजी दोनदा मागून जेवले.

शेवटचा दिवस

मडकी काढून आणायची म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा शिरगाव. या वेळी ताईही आली. जानकीबाय दारातच उभी होती. दाजींनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून शाळेतल्या पोरासारखं पुढं धरलं. एक घर रिकामं होतं, कालचं. आजची गोळी तिनं स्वतः पाण्याचा पेला देऊन समोर घ्यायला लावली. पेल्यातलं पाणी गोडं होतं, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं.

मग बोंबील. ताई पहिल्यांदा नाक धरून लांब बसली होती, अर्ध्या तासानं तीही जबडे जुळवत होती आणि तिची जोडी सुटली की दाजी ओरडत होते, "नीट!" इतक्या वर्षांत ती दोघं शेजारी बसून काही काम करताना मी कधी बघितली नव्हती. पाळ्यांमुळं ते कधी जमलंच नसावं.

जेवल्यावर दाजी चटईवर गेले. माडाखाली नाही. जानकीबायनं चटई दुसरीकडं, वलांडीच्या सावलीत टाकली होती. मी म्हटलं, आलोच आहोत तर मडकी काढण्याआधी शेवटचं मोजून घेऊ, दर दहा मिनिटांनी एक आकडा, भरतीच्या वेळेला काही फरक पडतो का ते कळेल. वही उघडली, रकाने आखले. एक वाजता सहा. एक दहाला सहा. एक वीसला सात. वाळू पायांना ऊब देत होती. समुद्र लांब होता, पण ऐकू येत होता. वर दोऱ्यांवर बोंबील हलत होते. मी जरा पाठ टेकली, नुसती टेकली, मीटर डोळ्यांसमोर ठेवून.

जागी झाले ती ताईच्या हसण्यानं. चार वाजायला वीस मिनिटं होती. माझ्या एका बाजूला दाजी घोरत होते, दुसऱ्या बाजूला एक मांजर. मडकी केव्हाच सुकून गेली होती.

परत येऊन आता महिना झाला. ताईचा आठवड्याला फोन असतो. दाजींचा दाब उतरतो आहे, डॉक्टर बरं म्हणतात. दाजी एक दिवसाआड शिरगावला जातात, पाकिटाचं रिकामं घर दाखवल्याशिवाय त्यांना चटई मिळत नाही. वीज जमिनीत आहेच, हे त्यांचं मत कायम आहे. खिडकीतली तांब्याची तारही आहे. ताई तिच्यावर पायपुसणी वाळत घालते.

माझी वही समोर आहे. एक वीसला सात, आणि त्यानंतर तीन चाळीसपर्यंत चौदा रकाने रिकामे. असं पान कुठल्या पोरानं आणलं असतं तर मी ते सरांपुढं जाऊ दिलं नसतं. हे पान मी दोनदा वाचलं आणि खाली सही केली.